सिंकखालचा कोरडा कागद

मित्रांनो, तोंड उघडायला मला लाज वाटते. शिवाय माझी चेनही अर्ध्यावर अडकते. एका नळमिस्तरींच्या खांद्यावर जुनी झालेली मी ताडपत्रीची पिशवी.

शिंप्याने मला दुहेरी दोऱ्याने शिवले. पंधरा वर्षे मी पाने, पक्कड, वायसर आणि तुंबलेले पाइप मोकळे करायची लांबलचक स्प्रिंग पोटात घेऊन जिने चढले. मिस्तरींचा लौकिक मोठा. कुठे काही तुंबले की लोक आधी त्यांनाच हाक मारत. तेव्हा माझीही मान ताठ होई. पिशवीला असते तेवढी.

मग एके दिवशी मिस्तरींनी माझ्या तळाशी, मोठ्या पान्याखाली, एक घडी केलेला रिपोर्ट ठेवला. लग्नाला सहा वर्षे होऊनही मूल नव्हते, म्हणून ते गुपचूप तपासून आले होते. डॉक्टर म्हणाले होते, "शुक्राणू तयार होतात. पण बाहेर येणारी नळी बंद आहे."

"मग स्प्रिंग घाला की."

"अहो, ती केसाएवढी असते! आपण सुईने शुक्राणू थेट काढू आणि प्रयोगशाळेत एकेका स्त्रीबीजात एकेक सोडू. पण बायकोला घेऊन या. इंजेक्शनं त्यांनाही घ्यावी लागतील."

मिस्तरी काही बायकोला घेऊन गेले नाहीत. जगाचे पाइप मोकळे करणारा माणूस हे घरी कुठल्या तोंडाने सांगणार? "माझा रिपोर्ट चांगला आलाय," म्हणाले आणि जेवायला बसले.

मग त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, तपासण्या सुरू झाल्या. गर्भाशयात औषध सोडून त्यांच्या नळ्या पाहिल्या. त्या दिवशी त्या भिंत धरधरून घरी आल्या. नळ्या स्वच्छ मोकळ्या होत्या. तरी सासूबाई शेजारणीला ऐकवत, "आमच्या घरात आजवर कुणाचं असं अडलं नव्हतं बाई!" मी दाराआड खुंटीला लटकून ऐकत असे. आठ महिने मी ती घडी पोटात दाबून धरली. ओझे मला नवे नाही. पण अडीच किलोचा पानासुद्धा त्या कागदापेक्षा हलका होता.

जोड बसवला की त्याला कोरडा कागद गुंडाळून पाणी सोडायचे आणि कागद भिजतो का पाहायचे, ही मिस्तरींची पद्धत. एका रविवारी ते घरच्याच सिंकखाली आडवे झाले होते. बाहेर फक्त पाय. सवयीने म्हणाले, "पिशवीतला कागद दे गं."

वहिनींनी हात पुढे केला. मित्रांनो, मी चेन अडकवायची फार खटपट केली. नेमकी तेव्हाच ती लोण्यासारखी सरकली.

त्यांनी तळातली घडी उघडून वाचली. नवऱ्याचे नाव, तारीख, शुक्राणूंपुढे शून्य.

"अगं, दे ना," ओट्याशी उभ्या सासूबाई म्हणाल्या. "तेवढंही जमत नाही का तुला?"

वहिनींनी रिपोर्ट मुठीत ठेवला, कॅलेंडरचे गेल्या महिन्याचे पान फाडले आणि सिंकखाली सरकवले. "हे घ्या. तो कागद भिजवायचा नाहीये. माझ्या नळ्या तपासल्या, त्याच्या पंधरा दिवस आधीचा आहे तो."

पान्याचा आवाज थांबला. मग आतून आवाज आला, "आई, तिला बोलू नकोस. तिच्यात काही कमी नाही. नळी माझी बंद आहे. मी खोटं बोललो."

"बाहेर येऊन बोल की मेल्या!"

"येतो. जरा थांब."

सासूबाई सुनेकडे वळल्या. "आणि मी तुला..." एवढेच म्हणून त्या स्टुलावर बसल्या.

"दवाखान्यात मी येईन," वहिनी त्या पायांना म्हणाल्या. "पण तिथं तुम्ही बोलायचं. सगळं. आठ महिन्यांसकट."

ते बोलले. आता त्यांची सुई झाली, वहिनींची इंजेक्शनेही झाली. गर्भ वहिनींच्या पोटात सोडला आहे; राहिला की नाही हे कळायला दहा दिवस आहेत. सासूबाई शेजारणीकडे फिरकत नाहीत. वहिनी नवऱ्याशी कामापुरते बोलतात, आणि रिपोर्ट टेबलावर उघडा असतो. माझ्या तळाशी वहिनींनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला आहे.

तेव्हा मित्रांनो, जुन्या पिशव्यांना जपा. चेनीला मेण लावा, उसवलेले वेळीच शिवा. आणि आमच्या पोटात तेवढेच ठेवा, जे घरच्यांनी मागितल्यावर निमूट काढून देता येईल.