फुंकरबाबाचा काळा कागद

फुंकरबाबाने पितळी डबीचं झाकण उघडलं. आत ठेवलेला पांढराशुभ्र गोल कागद काळाकुट्ट झाला होता. तीन-चारशे माणसं एकदम ओरडली आणि दुसऱ्याच क्षणी पहिला दगड पंक्चरवाल्या मावशीच्या कपाळावर बसला.

"बघा हिचा श्वास!" बाबा टेबलावर चढून गरजला. "तुम्ही सगळ्यांनी फुंकर मारली, तुमचे कागद पांढरे. हिचाच का काळा? हिनं पोरांचे श्वास खाल्लेत, पोरांचे! मी नाही बोलत, हवा बोलते!"

हवा बोलते हे अगदी खरं. फक्त ती ह्याच्याशी बोलत नव्हती.

मला ह्या चौकात सगळे हवावाली म्हणतात. इथे चार रस्ते भिडतात, सिग्नलला दिवसभर मालट्रक धडधडत उभे असतात, आणि कोपऱ्यात लोखंडी चौथऱ्यावर माझं यंत्र आहे. ते रस्त्यावरची हवा ओढून घेतं आणि एका गोल कागदातून गाळतं. कागद लावण्याआधी तोलायचा, चोवीस तासांनी काढून पुन्हा तोलायचा. वाढलेलं वजन म्हणजे गाड्यांची काजळी आणि धूळ. आकडा वहीत लिहायचा आणि वही वर पाठवून द्यायची. तीन वर्षं मी हेच करत होते. त्या सकाळीही नवा कागद यंत्राच्या लोखंडी कड्यात बसवून यंत्राकडे निघाले होते, तर वाटेत हा तमाशा.

तमाशामागचं कारण सगळ्या चौकाला ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. चौकातल्या एका ट्रक ड्रायव्हरची चार वर्षांची पोर दम्याची. डॉक्टरांनी तिला तोंडात मारायचा औषधाचा फवारा दिला होता. बाबा म्हणाला, "फवारा फेका, फुंकर घ्या." आईनं फवारा फेकला. पंक्चरवाल्या मावशीनं एकटीनं तिला हटकलं होतं, "अगं, डॉक्टर शिकलेला आहे, हा बाबा कुठल्या शाळेत गेला?" आठव्या दिवशी पोर गेली. आता लोक बाबाला जाब विचारणार, म्हणून त्यानं आधीच बोट दुसरीकडे दाखवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मावशी गुडघ्यांवर बसली होती. कोणीतरी तिचे केस धरले. कोणीतरी तिच्याच दुकानातली हवा भरायची नळी आणून पाठीवर सपासप ओढली. ज्यांच्या सायकलींचे पंक्चर तिनं उधारीवर काढले होते, तेच लाथा घालत होते. पोरीची आई "खाल्लीस! खाल्लीस!" म्हणत नखांनी तिचा चेहरा ओरबाडत होती. मावशीचा एक डोळा रक्तानं बंद झाला. आणि मुलीचा बाप, तो ड्रायव्हर, टायर काढायची लोखंडी पहार घेऊन गर्दीतून सरळ तिच्याकडे निघाला.

मी कशी घुसले ते मला आठवत नाही. बाबानं कागद उंच धरला होता. त्याच्या काळ्या गोलाभोवती बोटभर पांढरी कड होती. ती मी लगेच ओळखली. श्वासानं काळा झालेला कागद कडेला पांढरा कसा राहील? कड पांढरी राहते ती लोखंडी कड्यात घट्ट दाबलेली असते म्हणून. तो कागद माझा होता.

वजन झाल्यावर आम्ही कागद वर्षभर जपतो, मग जाळतो. जाळायचं काम माझं. मी कंटाळा केला होता; कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या कागदांची पोती तशीच पडली होती. शेडला कुलूप नव्हतं.

"थांबा!" मी ओरडले. "तो कागद खोटा आहे!"

कोणीतरी माझ्या तोंडावर ठोसा मारला. दात हलला, तोंडात रक्त आलं. "ही पण तिला सामील! हिचं यंत्रच हवा शोषतं!" बाबा किंचाळला. पंधरा-वीस जण चौथऱ्याकडे धावले. माझं यंत्र दगडांनी ठेचलं गेल्याचा आवाज मी ऐकला, पण मागं वळून बघायला वेळ नव्हता. पहार वर उचललेली होती.

मी मावशीच्या अंगावर आडवी पडले आणि खालून ड्रायव्हरला म्हणाले, "दादा, मारायचं तर मार. पण आधी त्या कागदाची मागची बाजू बघ. मागे पेन्सिलनं पाच आकडी नंबर आहे. पहिले दोन आकडे एकतीस. मी तो कागद हातात घेतलेला नाही, लांबूनच पाहिलाय. नसला नंबर तर दोघींनाही मार."

त्याचा हात तसाच वर राहिला. गर्दीही जरा थबकली. पैज म्हटली की माणूस थांबतो.

"कागद दे, बाबा," ड्रायव्हर म्हणाला.

"अरे, मंतरलेला कागद आहे, हात लावशील तर भस्म होशील..."

"पोर गेली माझी. भस्मच झालोय मी. दे!"

बाबानं कागद चुरगळून तोंडाकडे नेला. महाराजांना भलत्या वेळी भूक लागली! ड्रायव्हरनं त्याचं मनगट पिरगळलं, कागद सोडवला आणि उलटला. त्याचे ओठ हलले. "तीन... एक... दोन... सहा... चार."

"एकतीस हा ह्या चौकाचा नंबर," मी म्हणाले. "अक्षर माझं आहे. गेल्या वर्षीचा कागद आहे हा. मावशीनं त्यावर कधी फुंकर मारली?"

ड्रायव्हरनं टेबलाला लाथ घातली. डबी रस्त्यावर आपटली आणि दोन्हीकडून उघडली. तिला वर झाकण, खालीही झाकण, मध्ये पत्रा. वरून पांढरा कागद ठेवायचा, मंत्र पुटपुटत डबी उलटी करायची आणि खालची बाजू उघडायची. ज्याला सोडायचं त्याच्या वेळी डबी उलटायची नाही. आतून आणखी तीन काळे कागद पडले. तिन्हींच्याही मागे एकतीस.

माझ्या हातातलं कडं अजून तसंच होतं, नव्या कागदासकट. मी ते ड्रायव्हरला दिलं. त्याचा ट्रक पाठीमागेच उभा होता. कोणीतरी आत चढून इंजिन चालू केलं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. ड्रायव्हरनं कडं ट्रकच्या धुराच्या नळीसमोर धरलं. मी मोठ्यानं तीसपर्यंत मोजलं. मग कडं उघडून कागद सगळ्यांना दाखवला. काळाकुट्ट गोल, भोवती पांढरी कड. बाबाच्या कागदाचं जुळं भावंड.

"आता ट्रकला मारा," मी म्हणाले. माझं डोकं फिरलं होतं. "मारा ना! ह्यानं कोणाचे श्वास खाल्ले?"

पोरीची आई मटकन खाली बसली. "म्हणजे फवारा फेकायला नको होता," ती एवढंच म्हणाली. ते वाक्य मला पडलेल्या ठोशापेक्षा जास्त लागलं.

मग गर्दी बाबावर तुटून पडली. तेच दगड, तीच नळी. बाबाची बोबडी वळली. मी आणि ड्रायव्हर, दोघांनी मध्ये पडून त्याला ओढून काढलं आणि पोलिसांच्या ताब्यात दिलं. त्याच्यासाठी नाही. पाच मिनिटांपूर्वी ह्याच लोकांना मावशीबद्दल तेवढीच खात्री होती, म्हणून.

मावशीचा डोळा गेला. तिला भेटायला लोक फळं घेऊन गेले. ती म्हणाली, "फळं पोरांना द्या. आणि पुढच्या वेळी बाईला धोपटण्याआधी जरा विचारत जा."

बाबा गुन्हेगार आहेच. पण तीन वर्षं मी त्या चौकाचे आकडे वहीत लिहिले, सुरक्षित मर्यादेच्या चौपट, कधी पाचपट, आणि चौकाला एकदाही सांगितले नाहीत. पोरं का खोकतात हे लोकांना कोणी सांगितलंच नाही, तेव्हा जो सांगेल त्याचं त्यांनी ऐकलं. आता नव्या यंत्राशेजारी फळा आहे. रोजचा आकडा मी त्यावर लिहिते. पंक्चरच्या दुकानाचं शटर उघडलं की मावशी तो मोठ्यानं वाचते, आणि सिग्नलला इंजिन चालू ठेवणाऱ्या ड्रायव्हरांना शिव्या घालते.

वाचकहो, तुमचं लेकरू धापा टाकत असेल तर त्याला डॉक्टरकडे न्या, औषध मध्येच तोडू नका. आपल्या रस्त्यावरची हवा किती वाईट आहे, हे मोजणाऱ्याला जाऊन विचारा. तो सांगत नसेल तर भांडा. आणि कोणी बोट दाखवून म्हणालं की ह्या बाईनं खाल्लं, तर दगड उचलण्याआधी त्याच्याकडे पुरावा मागा. पुरावा मागायला काही मिनिटं लागतात. मावशीला तेवढी मिनिटं कोणी दिली नाहीत.