बिनमोटरीचा फ्रीज

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो, आणि पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकतो. मी आजवर कुणाच्याही घरात तांब्याभर पाणीसुद्धा गार केलेलं नाही. कारखान्यात तपासणीच्या वेळी दोन तास गार झालो होतो, तेवढंच. तिथल्या कारागिरानं माझ्या पोटात हात घालून "झकास" म्हटलं आणि पाठीवर शिक्का मारला. खऱ्या कामाबद्दल मिळालेली शाबासकी म्हणाल तर ती एवढीच.

दुकानात गेलो असतो तर कुणाच्या तरी घरचं दूध सांभाळलं असतं. पण माझा रंग फिका हिरवा, मूठ चकचकीत, छातीवर चंदेरी पट्टी. मुंबईच्या एका स्टुडिओतल्या माणसाच्या मनात मी भरलो. त्यानं मला थेट सिनेमाच्या सेटवर नेलं आणि पहिल्याच दिवशी माझी मोटर काढून घेतली. का, तर म्हणे हा घरघर करतो, संवाद नीट ऐकू येत नाहीत, आणि उचलायलाही जड जातो. आतला दिवा तेवढा ठेवला, कारण नायिकेच्या तोंडावर उजेड पडला पाहिजे. काय बोलणार यावर!

सिनेमात श्रीमंताघरचं स्वयंपाकघर बघता ना तुम्ही? उभ्यानं काम करायचा ओटा, रंगीत डबे, चकाकता मिक्सर, खिडकीला फुलाफुलांचा पडदा? मी सात वर्षं तिथे राहिलोय. त्याला भिंती तीनच होत्या. नळाला पाणी नव्हतं, गॅसला नळी नव्हती, मिक्सरला पातं नव्हतं. माझ्या फळ्यांवर मेणाची सफरचंदं आणि बाटल्यांत रंग कालवलेलं पाणी. त्या स्वयंपाकघरात सात वर्षांत एक भाकरी भाजली गेली नाही, साधा चहा उकळला नाही. नायिका रडत यायची, बाटली काढायची, घोटभर पाणी प्यायची आणि माझं दार सताड उघडं टाकून निघून जायची. आणि तुमच्या आया-मावश्या थेटरात बसून ते सगळं बघून उसासे टाकायच्या, की असलं घर आपल्याला कधी मिळणार. मला इतका वैताग यायचा म्हणून सांगू!

असे उसासे टाकणारा एक पुरुषही होता. त्याचं नाव गुरप्पा. सोलापूरच्या एका थेटरात तो तिकिटं फाडायच्या कामावर होता आणि रोज तीन खेळ उभ्यानं बघायचा. बाकीचे लोक मारामारीला शिट्ट्या मारायचे, हा पडद्यावर स्वयंपाकघर आलं की मान पुढे काढायचा. त्याचा मेव्हणा ईरप्पा आमच्या स्टुडिओत सुतार होता. नवा, माझ्यापेक्षा मोठा फ्रीज सेटवर आला आणि मला मोडीत काढायचं ठरलं, तेव्हा ईरप्पानं पत्र टाकलं. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की यात मोटर नाही. गुरप्पा म्हणाला, मोटर काय, मागनं बसवू की. चादरी पोचवून मुंबईहून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकमधून मी सोलापुरात उतरलो. मित्रांनो, मला तर वाटलं, आता आपलं नशीब उघडलं.

गिरणीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. मागच्या खोलीत चूल, स्टोव्ह आणि पाटा. मला मात्र नेऊन ठेवलं पुढच्या खोलीत, दारातून दिसेन असं. गुरप्पाची बायको पारूबाई हिनं माझ्या डोक्यावर पोपट भरलेलं कापड घातलं. दसऱ्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. सगळं केलं. मोटर तेवढी आणली नाही.

गल्लीतलं कुणी आलं की गुरप्पा वायर जोडायचा, माझं दार उघडायचा, आतला दिवा लागायचा आणि तो म्हणायचा, "बगा." एवढंच. गार होतं असं त्यानं कधी म्हटलं नाही, होत नाही असंही म्हटलं नाही. लोकांना जे वाटायचं ते वाटू दिलं. एकदा भर उन्हाळ्यात शेजारच्या गोजाबाई नातवाचं दूध घेऊन आल्या, दुपारपुरतं ठेवा म्हणाल्या. पारूबाईला नाही म्हणवेना. संध्याकाळी दूध फाटलेलं निघालं. लाइट गेली होती, असं पारूबाईनं सांगितलं. गोजाबाईंच्या डोक्यावरचा पंखा दुपारभर फिरत होता. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच दूध नासवलं.

खरं म्हणजे माझ्या पोटात असायची शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्यांची चळत. मुंग्या नाहीत, उंदीर नाही, भाकरी पंधरा दिवस कुरकुरीत. हे काम मी अगदी मन लावून करत होतो. पण पाहुणा येतोय असं कळलं की पारूबाई ते सगळं घाईघाईनं मागच्या खोलीत लपवायची आणि पाण्याच्या बाटल्या मांडायची. जे येत होतं ते लपवायचं, आणि जे येत नव्हतं ते चारचौघांत मिरवायचं. माणसांच्या या तऱ्हेला काय म्हणावं?

घरात एकटी महानंदा हे सहन करत नव्हती. गुरप्पाची ही थोरली मुलगी शाळामास्तरणीचा कोर्स झालेली, शांत, पण बोलली तर तोडून बोलणारी. ती वडिलांना सारखी म्हणायची, "अप्पा, एक तर मोटर घाला, न्हाय तर न्हाय म्हणून सांगा." गुरप्पा हसण्यावारी न्यायचा.

मग चैत्रात दुधनीचं स्थळ आलं. मुलगा शिवयोगी, वायरमन, सरकारी नोकरी. सोबत त्याची आई गुरम्मा आणि मामा येणार होते. आधीची दोन स्थळं नाही म्हणून गेली होती, त्यामुळे घरात सगळे जीव मुठीत धरून होते. आणि त्या सकाळी गुरप्पानं काय करावं? बर्फाच्या कारखान्यातून लाकडाचा भुसा लावून गोणपाटात गुंडाळलेली लादी सायकलवर घालून आणली, फोडली आणि पातेल्या-पातेल्यांनी माझ्या पोटात कोंबली. वर सरबताचे ग्लास ठेवले. घरात माठ भरलेला होता. माठातलं पाणी काय गार नसतं?

महानंदाला रडू आवरेना. ती आईला म्हणाली की आज हे लोक फसतील आणि उद्या कळलं की बोलणी मला खावी लागतील, जन्मभर, त्यांच्या घरात. पारूबाईला ते पटत होतं. पण नवऱ्यापुढे तिचं काही चाललं नाही.

पाहुणे दुपारी टांग्यातून उतरले. पोह्यांसारखा फोडणीचा चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, मुलीला चार प्रश्न विचारून झाले. मग गुरप्पा ऐटीत उठला आणि त्यानं माझं दार उघडलं. दिवा लागला. सरबत निघालं, थंडगार. गुरम्माबाईंनी घोट घेतला आणि किंचित थबकल्या. लिंबाच्या सरबताला लसणीचा वास येत होता. तीन वर्षं चटणी सांभाळली होती मी, वास कुठे जाणार? पण बाहेर रस्ता तापलेला होता, त्यांनी ग्लास रिकामा केला.

तेवढ्यात माझ्या दाराखालून पाण्याची धार निघाली. भुसा मिसळलेलं ते पाणी सरळ मामांच्या पायाकडे निघालं. पारूबाई पोतेरं घेऊन धावली. गुरप्पा म्हणाला, जुना माल आहे, फार गार करतो, म्हणून पाणी सुटतं. मला तोंड असतं तर तिथेच त्याला गप्प केलं असतं!

गुरम्माबाईंवर मात्र माझी छाप पडली होती. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. आमाला हुंडा नगो, मानपान नगो. पोरीसंगं एवढा फ्रीज द्या. दुधनीत आमच्या गल्लीत कुनाकडं न्हाय."

पारूबाई पोतेरं हातात धरून तशीच बसून राहिली. मला वाटलं, आता तरी हा माणूस खरं सांगेल. गुरप्पा म्हणाला, "देऊ की."

तेव्हा महानंदा उठली. ती माझ्याजवळ आली, दार उघडलं, वरच्या पातेल्यात हात घातला आणि भुसा लागलेला बर्फाचा तुकडा तळहातावर घेऊन पाहुण्यांपुढे धरला.

"ह्यात मोटर न्हाय," ती म्हणाली. "ह्यो सिनेमातला फ्रीज हाय, दिवा तेवढा लागतोय. बर्फ सकाळी कारखान्यातनं आनला. तुमी फसून जाऊ नगा."

गुरम्माबाईंचा चेहरा उतरला. त्या उठल्या, भावाला घेऊन बाहेर टांग्यात जाऊन बसल्या. शिवयोगी चपला घालायला मागे राहिला. त्यानं एकदा बाहेर बघितलं आणि हळूच, जरा हसून, महानंदाला म्हणाला, "मला आल्याआल्याच कळलं हुतं. लाइटीचंच काम हाय माजं. ह्याचा आवाजच न्हाय."

"मग आईला मागू का दिलंत?" तिनं विचारलं.

"बगत हुतो, कोन खरं बोलतंय ते."

"आमी खोटं बोलत हुतो," महानंदा म्हणाली, "आनि तुमी ते बसून बगत हुता. माज्या अप्पांची तरी लाज जात हुती. तुमचं काय जात हुतं?"

त्याचं हसू तिथेच मावळलं. तो खाली मान घालून निघून गेला.

त्या आठवड्यात घरात कुणी धड जेवलं नाही. गुरप्पा मुलीशी बोलेना, थेटरातून आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. तिसरंही स्थळ मोडलं म्हणून पारूबाई चुलीपाशी डोळे पुसायची. महानंदाही रात्री तोंडावर पदर घेऊन रडायची, पण तिनं एकदाही चुकलं म्हटलं नाही. पाचव्या दिवशी गुरप्पा उठला आणि गोजाबाईंच्या दारात गेला. नातवाचं दूध लाइटीनं नव्हतं फाटलं, असं त्यानं सांगितलं. गोजाबाई म्हणाल्या, ठावं हाय मला. घरी येऊन त्यानं माझ्या डोक्यावरचं पोपटाचं कापड काढून घडी घातली.

रविवारी दुधनीच्या पाहुण्यांचा टांगा पुन्हा दारात थांबला. गुरम्माबाई आत आल्या, मागून शिवयोगी. माझं दार उघडंच होतं, आत चटणीची बरणी आणि भाकऱ्या राजरोस दिसत होत्या. शिवयोगीनं सगळ्यांसमोर सांगितलं की मोटर नाही हे मला त्या दिवशी ठाऊक होतं, आईला काल सांगितलं, तुमच्यापुढं सांगायचं राहिलं होतं, चुकलं माझं. बोलताना त्याची नजर वर येत नव्हती. महानंदा दारातून ऐकत होती. मग ती पुढे आली आणि त्याच्या आईला माठातल्या पाण्याचा तांब्या दिला.

गुरम्माबाई पाणी प्यायल्या. मग माझ्याकडे वळूनही न बघता गुरप्पाला म्हणाल्या, "आमाला पोरगी तेवढी द्या."

गुरप्पा ओक्साबोक्शी रडला. त्याचा मला आलेला राग त्या दिवशी निवळला, खोटं कशाला सांगू?

मित्रांनो, महानंदा दुधनीला नांदायला गेली. मी सोलापुरातच राहिलो, चटणी-भाकरीचं कपाट म्हणून, आणि आता कुणी विचारलं की पारूबाई तसंच सांगते. मोटर अजून बसलेली नाही आणि बसेल असं वाटत नाही. त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण तुम्हाला एवढीच विनंती आहे, घरातली वस्तू बिघडली तर दुरुस्त करा, दुरुस्त होत नसेल तर जमेल त्या कामाला लावा, पण तिच्या नावावर खोटं बोलू नका. आम्हाला तोंड नसतं. तुम्ही सांगाल ते आम्हाला निमूट ऐकून घ्यावं लागतं. सात वर्षं पडद्यावर आणि तीन वर्षं त्या खोलीत लोक माझं कौतुक करत होते, आणि त्यातला एक शब्द माझा नव्हता. "ह्यात मोटर न्हाय" असं महानंदा म्हणाली, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल बोललं.