एर्निसचं पाऊल

"बघ, पुन्हा खचला." उलकानने कणकेचा गोळा परातीत आपटला.

तिचा नातू एर्निस लोकरीच्या जाजमावरून निघाला होता. डावा पाय टाकला की सरळ. उजवा टाकला की सगळं अंग त्या बाजूला बुडायचं, आणि तळहात गुडघ्यावर जायचा. जाजमाच्या कडेला पोचून तो धपकन बसला आणि खुशीत ओरडला.

"हसतोय बघ. घराला घोर लावून हसतोय."

सून झीबेक वाळत घातलेली दुपटी काढत होती. गेले कित्येक दिवस ती बोलतच नव्हती, कारण बोललं की गाडी फिरून तिच्या बहिणीवर यायची.

आजही आलीच. पोर चालू लागलं की त्याच्या पायांत दोरा बांधायचा आणि शर्यत जिंकणाऱ्याने तो कापायचा, अशी रीत होती; एर्निसचा दोरा त्या बहिणीने कापला होता. "मी तेव्हाच म्हटलं होतं, कालिपाला दोरा कापू देऊ नका. पायातला दोरा जो कापेल त्याची चाल पोराला लागते, हे काय तुझ्या माहेरी ठाऊक नाही? ती बाई सपाता फरफटत चालते!"

"शर्यत तिनेच जिंकली ना, आपा," झीबेक सासूला म्हणाली.

"जिंकली! पुढची घसरून पडली म्हणून जिंकली."

झीबेकने दुपट्याची घडी मोडून पुन्हा घातली.

उलकानला पोराचं सगळं पाठ होतं. पाळण्यात बांधलेले हात सुटले की तो आधी स्वतःची मूठच डोळ्यांसमोर धरून बघत राहायचा, जणू कुणी पाहुणी आली आहे. मग एक दिवस पायाचा अंगठा सापडला. तो तोंडात घालून चावला आणि स्वतःच रडला. हा पाय आपलाच, हे त्याला तेव्हा कळलं. रांगला, धरून उभा राहिला, सगळं वेळच्या वेळी. आणि आता ऐन चालण्यात हे.

"डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक आहेत, कंबर ठीक आहे," झीबेक हळूच म्हणाली. "तिथे तो नर्सच्या मागे सरळ चालला."

"चोर आहे. डॉक्टरसमोर सरळ, घरात लंगडा. मी आत असते तर दाखवलं असतं. पण तुमच्या त्या दवाखान्याला जिने किती!" गायीने लाथ मारल्यापासून उलकान जिन्यांच्या वाटेला जात नसे. "उद्या शाळेत पोरं चिडवतील तेव्हा डॉक्टर येणार आहे का? घोड्यावर कसा बसणार हा?"

तिने हात पुसले आणि फाटकाशी ठेवलेलं सरपण आणायला उठली. एर्निसही उठला. दिवसभर तो तिच्याच मागे असायचा; झीबेक शाळेत शिकवायला जायची.

दोघं अंगण ओलांडून गेली, सरपण घेऊन परत आली. झीबेकच्या हातातलं दुपटं तसंच लोंबत राहिलं.

"आपा, पुन्हा एकदा फाटकापर्यंत जाता?"

"कशाला? सरपण पुरे आहे."

"जा ना."

"आज कामं नेमून द्यायला लागलीस होय?" पण सुनेचा चेहरा बघून उलकान निघाली. कुरकुरतच निघाली. अर्ध्या वाटेत तिला राहवलं नाही आणि ती मागे वळली.

एर्निस पावलापावलाने येत होता. उजवा पाय टाकला, बुडाला, तळहात गुडघ्यावर टेकवला. तोंडाने एक बारीकसं "हं" केलं.

उलकानने खाली पाहिलं. तिचा स्वतःचा हात तिच्या उजव्या गुडघ्यावर होता.

झीबेक दुपटी मोजत असल्यासारखी खाली बघत होती. बोलायची पाळी तिची होती. महिनाभराचं बोलून घेता आलं असतं.

"गुडघा दुखत असेल, आपा. बसा," एवढंच ती म्हणाली.

"गुडघ्याचं मी बघते. तू त्याच्याकडे बघ."

उलकानने हात काढून पाठीमागे नेला. दात आवळून उजवा पाय डाव्यासारखाच टेकवला. कळ कमरेपर्यंत गेली, पण "हं" तिने तोंडातच गिळलं. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. फाटकाशी पोचली तेव्हा कपाळावर घाम होता. मागे न बघता तिने विचारलं,

"कसा चालतोय?"

"चालत नाहीये," झीबेक म्हणाली. "उभा राहून तुमच्याकडे बघतोय."

उलकान वळली, आणि तिने पुन्हा तसंच सरळ पाऊल उचललं.