चार बोटं वाळू

मी एक लोखंडी नळी बोलतेय. दीड वीत लांब, मनगटाएवढी जाड. एका वेल्डरने मोठ्या पाइपचे पाच तुकडे केले, त्यातली मी तिसरी.

"बाई, यात भरणार काय?" त्याने विचारलं होतं.

"अंधार."

"मग झाकणं घट्ट बसवतो. गळायला नको."

बाई जुन्या जमिनींचं वय काढतात. वाळूचा कण गाडला गेला की भोवतालच्या मातीतले सूक्ष्म किरण त्याच्यात साठत जातात. ऊन लागलं की सगळा साठा पुसला जातो. म्हणून वाळू अंधारातच काढायची, अंधारातच न्यायची आणि प्रयोगशाळेत तांबड्या दिव्याखाली उघडायची. तो प्रकाश तिला बाधत नाही. मग साठा मोजला की तिने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं.

नदीकाठच्या एका उंच दरडीत, मधल्या थरात बाईंना माणसाने फोडून धार काढलेले दगड सापडले होते. साठ हजार वर्षांपूर्वी इथे माणसं होती, असा त्यांचा अंदाज. कोणी मानत नव्हतं. त्या दगडांशेजारीच बाईंनी मला हातोड्याने ठोकलं. बाकीच्या चौघी वरच्या आणि खालच्या थरांत गेल्या. वरच्या फार तरुण निघाल्या, खालच्या फार म्हाताऱ्या. दगडांचं खरं वय फक्त माझ्या पोटात होतं.

मला उपसताना एका तोंडाशी खडा निखळला आणि वाळू सैल होऊन आत ऊन शिरलं. एरवी दोन्ही टोकांची दोन-दोन बोटं वाळू टाकून देतात. बाईंनी माझ्या अंगावरच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर, नंबराखाली लिहिलं, 'या बाजूने चार बोटं सोडा.' नंबर घरी काळ्या शाईने घातला होता. इथे पर्समध्ये फक्त पेपर तपासायचं पेन होतं.

प्रयोगशाळेत मला तात्यांनी उघडलं. सव्वीस वर्षं ते त्या तांबड्या खोलीत काम करत होते. त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ धरून वाचली, दोन बोटं वाळू काढली आणि उरलेली सगळी आम्लात धुतली.

उत्तर आलं अकरा हजार.

बाईंनी मला व्हरांड्यातल्या उजेडात धरलं. "तात्या, हे काय लिहिलंय?"

तात्यांनी वाचलं. अक्षरं ठसठशीत होती. "बाई, तेव्हा फक्त नंबर होता हो."

"मग काय, मी नंतर लिहिलं? डोळे गेलेत तुमचे त्या दिव्यात बसून."

तात्या दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. चष्मा तपासून आणला. नंबर तोच निघाला. तरी ते प्रत्येक पट्टी दुसऱ्याकडून वाचून घेऊ लागले. माणूस स्वतःवर संशय घेऊ लागला की त्याचे हात किती हळू चालतात, ते मी कपाटातून पाहिलं. वर्षभरात त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. दुसरा आकडा हाती नव्हता म्हणून बाईंनी अहवालात अकरा हजारच छापले.

तात्यांच्या जागी कोणी आलं नाही. चार वर्षांनी नळ्या कमी पडल्या म्हणून बाईंनी मला कपाटातून काढलं. पट्टी सोलायची राहिली होती. तांबड्या खोलीच्या दाराशी त्यांनी ती ओळ वाचली. आत तांबड्या दिव्याखाली मला फिरवलं, तर पट्टी कोरी. फक्त नंबर. त्या बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. असं तीनदा. 'लेबलं काळ्याच शाईने' हे दरवर्षी विद्यार्थ्यांना त्याच सांगत.

हातात मोजे होते म्हणून फोन स्पीकरवर लावला.

"तात्या, ती ओळ मी लाल पेनाने लिहिली होती."

पलीकडून तात्या पुटपुटले, "लाल दिव्यात लाल."

"तुमचे डोळे ठीक होते."

"हिला सांगतो. चार वर्षं हात धरल्याशिवाय मला रस्ता ओलांडू देत नाही."

बाईंना हसता आलं नाही.

"मग बाई, त्या थराचं वय?"

"वाळू उरली नाही."

"दुसरी नळी ठोका की."

"दरडच उरली नाही, तात्या. रस्त्याच्या भरावाला नेली."

"म्हणजे अकरा हजारच राहणार?"

"नाही. ते मी मागे घेतेय. खाली कारणही लिहीन, माझ्या नावासकट."

"आणि साठ?"

"ते कशाच्या जोरावर लिहू?"

 

त्या आठवड्यात बाईंनी विभागाच्या दाराजवळच्या काचेच्या कपाटातून अकरा हजारांची पाटी काढून घेतली. आता तिथे ते दगड आहेत, त्यांच्यामागे रिकामी मी, आणि पाटीवर एवढंच: 'काळ अनिश्चित.' येणारे-जाणारे वाचतात आणि पुढे जातात. आकडा नसला की कोणी थांबत नाही.

माझी एवढीच विनंती आहे. पाटीवर वय नाही म्हणून ती माणसं नव्हतीच, असं समजू नका. ती त्या काठावर बसून दगड फोडत होती. कधी, ते आता कोणालाच कळणार नाही.