मामांची उसण

मामांना कळ आली ती सकाळी वैरण टाकताना. मामा म्हणजे माझे सासरे, कारभारी. दावणीला धरून तसेच खाली बसले. सदरा घामानं चिंब.

“खांद्याच्या मधी कुनीतरी कापड फाडतंय,” म्हणाले.

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लगेच निकाल दिला, “उसण भरली.”

उसण भरली की आमच्याकडे पायाळू शोधतात. जन्मताना पाय आधी बाहेर आलेलं माणूस. त्याचा पाय पाठीला लागला की उसण जाते म्हणे. आणि आमच्या तर घरातच पायाळू आहे, माझी पंकू, नुकती कुठे चालायला लागलेली. तिच्या वेळी मी मरता मरता वाचले. गावाला त्याचं हे एवढं कौतुक.

“आत्याबाई, आधी खर्ड्याला दवाखान्यात नेऊ. घाम बघा केवढा.”

“तुला मेलं शिंकलं तरी दवाखाना. घरात इलाज असताना?”

मामांना ओट्यावर पालथं झोपवलं. पंकूचे हात धरून तिला पाठीवर उभी केली. तिला खेळच तो. खुदूखुदू हसत नाचायला लागली. माझं लेकरू हसतंय आणि मला हसू येत नाही, असं पहिल्यांदाच झालं.

थोड्या वेळानं मामा म्हणाले, “वरचं कमी झालं. आता कंबरंत आलंय.”

“उतरतीय,” आत्याबाई खूश. “पायावाटं जाईल.”

नवऱ्याला, ज्ञानेश्वरला, फोन लावला, तर नागापूरच्या कंपनीत कामावर मोबाईल नेऊच देत नाहीत. शेजारच्या छगनदाजींना म्हटलं, जीप काढा. तर ते म्हणाले, “उतरतीय न्हवं? मग कशाला उगं?” कुणाला किती वेळा सांगायचं. मामांचा डावा पाय बधिर झाला, गार पडला, तेव्हा कुठे जीप निघाली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. हृदयाची पट्टी काढली. “ॲटॅक दिसत नाही.”

“बघ,” आत्याबाई मला म्हणाल्या.

पण बाईंचा हात मामांच्या डाव्या पावलावरच होता. नाडी लागत नव्हती. “आजी, दुखणं एका जागीच आहे, का सरकलं?”

“सरकलं की. नातीनं उतरवलं.”

बाईंनी तेच पुन्हा विचारलं, या खेपेला मला. मग म्हणाल्या, “हृदयातून पाठीमागून पोटात जाणारी मोठी रक्तवाहिनी असते. तिचं अस्तर फाटत खाली चाललं असावं. पट्टीत ते कळत नाही. शिरेत औषध सोडून सीटी काढावी लागेल. नगरला, आत्ताच्या आत्ता.”

ॲम्ब्युलन्समध्ये इंजेक्शननं मामांचं दुखणं थांबलं. झालं, उठूनच बसायला लागले. “बरं वाटतंय. गाडी माघारी घ्या. दुपारची वैरण कोन टाकंल?”

“मामा, झोपा. एकदा तरी माझं ऐका.”

सासऱ्यांवर आवाज चढवला होता मी. मामा आडवे झाले.

नगरच्या डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर सीटी दाखवली. एकच गोल दिसायला हवा होता, त्यात मधोमध रेघ होती. एका नळीच्या दोन झालेल्या. “खांद्यामागं सुरू झालंय, कंबरेपर्यंत आलंय. पायाचं रक्त अडलंय. मांडीतून आत नेऊन त्या रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागेल.”

आत्याबाई पडद्याकडे बघत हळूच म्हणाल्या, “म्हंजी उतरत हुतं ते हे? आन् आमी पोरगी नाचवली ह्याच्यावर?”

सकाळपासून मला जे त्यांच्या तोंडावर फेकायचं होतं, ते त्याच बोलल्या.

“पोरीच्या पायानं नाही फाटलं, आजी,” डॉक्टर म्हणाले. “ब्लड प्रेशरनं फाटलं. पण यायला उशीर झाला.”

जाळी बसली. संध्याकाळी आत सोडलं, तेव्हा आत्याबाईंनी चादर सारून मामांचा डावा पाय धरला. मग माझा हात ओढून तिथं ठेवला.

“पाय ऊन लागतोय का गं? मला कळंना.”

लागत होता. अगदी थोडा. माझा रागही अजून तसाच होता.

“लागतोय, आत्याबाई,” मी म्हटलं.