कागदावरचा भंडारा

मार्गशीर्षातली सकाळ. टेकडीवरच्या खंडोबाच्या कळसावर कोवळं, कांचनवर्णी, थरथरतं ऊन. आणि पायऱ्यांवर त्याहून पिवळा, त्याहून उदंड, अधांतरी तरंगणारा भंडारा. हळदीचा तो सुगंधमेघ धामणटेक गावाच्या माथ्यावर असा ओथंबला, की खालच्या वाडीतली काजळलेली अकरा घरंसुद्धा सोन्याची दिसली. क्षणभरच हो. जळकं ते जळकंच.

दिवाळीनंतर पंचायतीची निवडणूक झाली होती. विजयाच्या मिरवणुकीत गुलाल उडाला, गुलालामागून दगड उडाले, दगडांमागून पेटते बोळे. आरक्त संध्याकाळ, आरक्त रस्ता, आरक्त डोळ्यांची माणसं! खालच्या वाडीची अकरा कुटुंबं नेसत्या वस्त्रांनिशी नदीपल्याडच्या शाळेत गेली, ती अजून तिथंच होती. मग गावाला लाज वाटली, आणि दोन्ही गटांनी मिळून हौसाबाईला सरपंच केलं. ती कुणाच्या अध्यात नव्हती, मध्यात नव्हती.

हौसाबाईनं एकच हट्ट धरला. ती अकरा घरं परत आणायची. त्यांवर पत्रे घालायचे, नळ जोडायचा, आणि तसा ठराव पंचायतीनं एकमुखानं करायचा. नुसत्या शब्दावर भागणार नाही, हे तिला ठाऊक होतं. "देवासमोर बेलभंडार उचला," ती म्हणाली.

चंपाषष्ठीला उचलला त्यांनी. नवांपैकी खालच्या वाडीचा सभासद तेवढा गावात पाऊल टाकायला धजला नाही; बाकी सारे आले. गाभाऱ्यात समईची मंद, स्निग्ध, निश्चल ज्योत. तिच्याभोवती सात ओंजळी, सात हळदुल्या ओंजळी, आणि ओंजळीओंजळीत बेलाचं त्रिदल. हौसाबाई डोळे मिटून बोलत गेली आणि सातही जण मागोमाग बोलले, "मल्हारी, आम्हांला एक कर. आमच्या जिभेला मऊपण दे, हाताला दया दे. ज्यांची घरं गेली त्यांना आम्ही आणू. नाही आणलं, तर तू आहेस नि आम्ही आहोत."

भागूआक्का तर ढसाढसा रडली. ती सभासदांतलीच, हौसाबाईच्या माहेरची, एका विहिरीचं पाणी प्यायलेली. हौसाबाईनं आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले. किती हलकं वाटलं तिला! टेकडी उतरताच तिनं नदीपल्याड निरोप धाडला, "गुरुवारी ठराव होतोय. सामान बांधा."

तिसऱ्या दिवशी तहसील कचेरीतून नोटीस आली. गुरुवारीच सभा, पण सरपंचावरच्या अविश्वासाची. अर्ज कुणी केला, ते त्यात नव्हतं. असेल एखादा फितूर, हौसाबाई मनाशी म्हणाली. तिला पाडायला नवांपैकी सात हात लागतात, आणि सातांनी देवाला हात लावलाय. नदीपल्याडचा निरोप तिनं मागं घेतला नाही. भाबडी ग बाई, भाबडी!

गुरुवारची दुपार. चावडीच्या गजांतून आत आलेलं ऊन, पिवळ्या पट्ट्यांचं, परक्यासारखं अंग चोरून बसलेलं. तहसीलदार सभ्य माणूस होते. त्यांनी अर्ज उलगडला, उजेडात धरला आणि सहज विचारलं, "कागदावर हे पिवळं काय सांडलंय?"

हौसाबाई उठून कागदाजवळ गेली. वर तारीख होती, चंपाषष्ठीची. खाली सह्या होत्या, आणि सहीसहीजवळ बोटांचे पिवळे, पुसट, पवित्र ठसे. पायऱ्यांवरच केल्या होत्या मेल्यांनी! देवाच्या दारातच, हात झटकायचीही उसंत न घेता. शेवटी एक अंगठा होता. शाईच्या निळ्या वेटोळ्याला हळदीची कड होती. त्या गावात सभासदांपैकी अंगठा एकटी भागूआक्का करायची.

हौसाबाई भागूआक्काकडे वळली. "आक्का," ती म्हणाली, "मग तू रडलीस ती कशासाठी गं?"

भागूआक्का मान वर करीना. "निवृत्तीभाऊंनी आदल्या दिवशीच अंगठ्याचं सांगून ठेवलं होतं," ती पुटपुटली. "म्हणून तर रडले."

निवृत्ती उपसरपंच. तो मवाळपणे, समजूत घातल्यासारखा बोलला, "वहिनी, ती घरं उभी राहिली की त्यांची मतंही उभी राहतात. एवढं तरी कळायला हवं होतं."

मग हात वर झाले. एक, दोन, चार, सहा. ज्या हातांनी बेल उचलला तेच हात, ज्या ओंजळींनी दया मागितली त्याच ओंजळी, आता उघड्या, रित्या, उंच. सातवा हात, भागूआक्काचा, सावकाश वर आला आणि तिथंच राहिला.

तेवढ्यात बाहेर टेम्पो वाजला. हौसाबाई दाराबाहेर आली.

अकरा कुटुंबं आली होती. हंडे, वळकट्या, एक तुळशीचं डबडं, आणि सगळ्यांत पुढं सत्तरीची तान्हूबाई, मुठीत पुरचुंडी घेऊन. "ठराव झाला ना गं पोरी? देव पावला!" तिनं हौसाबाईच्या कपाळाला भंडारा फासला. हौसाबाई कशीबशी वळली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "माझ्या अंगणात घे टेम्पो. सगळे तिथंच उतरतील." आणि तिनं पहिला हंडा आपल्या कमरेवर घेतला.

तान्हूबाई मात्र चावडीची पायरी चढली होती. "तुम्ही सगळ्यांनी मिळून आणलंत हो आम्हांला," म्हणत ती एकेकापुढं जात होती, थकलेल्या, कृतज्ञ, काळवंडलेल्या बोटांनी कपाळाकपाळाला भंडारा लावत होती. हौसाबाईनं तिला अडवलं नाही. हंडा कमरेवर तसाच धरून ती उन्हात उभी राहिली, आणि पाहत राहिली: एक मान वाकली, दुसरी वाकली, तिसरी वाकली, सातवीपाशी म्हातारी थांबली, हनुवटीला हात लावून म्हणाली, "वर बघ की गं, आक्का."