अंतर, खेळ आणि फट

भोकात शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, बसवायचा तर दोघांच्या मध्ये थोडी मोकळी जागा ठेवावी लागते. ठेवली नाही तर शाफ्ट अडकून बसतो, आणि जास्त ठेवली तर नाचायला लागतो. गोष्ट एवढीच. पण त्या मोकळ्या जागेला म्हणायचं काय, यावरून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. बरं, ते दोघं आपापल्या घरी गप्प बसले असते तर कोणाचं काही अडलं नसतं. पण दोघांनी मिळून यंत्रशास्त्रावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं आणि ते अजून खपत होतं.

पुस्तकाचा पहिला भाग सिद्धान्ताचा. तो दादाचा. दादा कॉलेजात यंत्रांचा सिद्धान्त शिकवायचा आणि एकेक व्याख्या अशी तासून लिहायचा, की तिच्यातला शब्द काढायचा म्हटलं तरी निघू नये. दुसरा भाग प्रत्यक्ष कामाचा. तो धाकट्याचा. धाकट्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं, शिवाय तांत्रिक शाळेत तो लेथवरचं काम शिकवायला जायचा. आणि पुस्तकाच्या तोंडाशी यंत्रांच्या इतिहासाची काही पानं होती, ती त्यांच्या थोरल्या बहिणीची, ताईची. ताईने उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. इतिहास लिहायला भावांना सवड नव्हती, म्हणून तो तिच्या गळ्यात पडला आणि तिने तो हौसेने लिहिला.

दादाने त्या मोकळ्या जागेला ‘अंतर’ म्हटलं. धाकट्याने ‘खेळ’ म्हटलं, कारण वर्कशॉपमध्ये सगळे तेच म्हणतात. ताईने आपल्या पानांत ‘फट’ म्हटलं होतं. वाफेच्या पहिल्या इंजिनांत दट्ट्या आणि नळकांडं यांच्यात एवढी फट राहायची, की तागाचा दोर कोंबून ती बुजवावी लागे, असं तिने लिहिलं होतं. फटीवरून मात्र कोणी भांडलं नाही. इतिहासाची पानं कोणी वाचतच नाही, त्यामुळे माझं बरं चाललंय, असं ती म्हणायची.

वाचणाऱ्या पोरांची मात्र गंमत व्हायची. त्यांना वाटायचं, अंतर आणि खेळ या दोन वेगळ्या भानगडी आहेत. एकाने तर परीक्षेत ठोकून दिलं होतं, की ‘अंतर योग्य ठेवले असता खेळ लवकर येत नाही.’ दादाने त्याला भोपळा दिला. धाकट्याने कॉलेजात जाऊन त्या पोराची बाजू घेतली, तीही उत्तर समजून न घेताच, केवळ दादाने भोपळा दिला म्हणून.

बोलणं तुटलं ते मात्र मागच्या आवृत्तीच्या प्रकाशनाला. धाकटा बोलायला उभा राहिला आणि त्याच्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक होतंच. “दादाला अंतर द्यायची भारी हौस,” तो म्हणाला. “यंत्रालाही देतो आणि भावालाही देतो.” सभागृह खो खो हसलं. दादा हसला नाही. वडील गेल्यावर धाकट्याला हाताशी धरून शिकवलं होतं ते दादानेच, आणि चारचौघांत भावाला अंतर दिल्याचं ऐकून घ्यायची त्याची तयारी नव्हती. तो उठून घरी गेला. त्या दिवसापासून दोघांमधले निरोप ताईच्या पिशवीतून जायला लागले.

आता नवी आवृत्ती निघायची होती. जुने प्रकाशक निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी आलेल्या बाई वयाने लहान पण पक्क्या होत्या. त्यांनी ताईला बोलावून घेतलं आणि समोर दोन पानं ठेवली.

“ताई, राग मानू नका, पण एका गोष्टीला एका पुस्तकात तीन शब्द कसे चालतील? मुलं गोंधळतात, शिक्षक तक्रारी करतात. दोघांना एकत्र बसवा आणि काय ते ठरवून द्या. नाहीतर मी हे पुस्तक थांबवून दुसरं घेते. मला खरंच तसं करायचं नाहीये.”

“मला विचाराल तर फट घाला,” ताई म्हणाली.

बाई हसल्या, पण प्रश्न हसून सुटण्यातला नव्हता. ताईने मुद्रितांचा गठ्ठा पिशवीत भरला आणि ती दादाकडे गेली.

दादाच्या खोलीत तिन्ही भिंतींना पुस्तकं होती. पदार्थांचं बळ, कंपनं, दंतचक्रं, उष्णतेची इंजिनं, सगळी विषयवार लावलेली. दादा टेबलाशी बसला होता आणि पहिल्या भागाचं पहिलंच पान त्याच्यासमोर उघडं होतं. वहिनीने दार उघडताना नुसती मान हलवली. ती मान कशासाठी हलते ते ताईला माहीत होतं. गेले काही महिने दादाचे शब्द हरवत होते.

माणसं हरवत नव्हती, रस्ते हरवत नव्हते, गणितं तर अजिबात नाही. नुसते शब्द. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हे असंच वाढत जाईल, किती वेगाने ते सांगता येत नाही. ज्या माणसाने एकेका शब्दासाठी कॉलेजातल्या बैठका उधळून लावल्या, त्याच्या वाट्याला नेमकं हेच यावं याचा ताईला इतका संताप यायचा, की कोणावर काढावा ते कळत नसे.

“ताई, हे बघ,” दादा म्हणाला. “इथे मी लिहिलंय, की ते... फिरणारं... ते जेव्हा भोकात...”

“शाफ्ट.”

“शाफ्ट.” त्याने तो शब्द जपून उच्चारला. “छापलेला वाचता येतो मला. पान मिटलं की जातो.”

ताईने प्रकाशकबाईंचं म्हणणं सांगितलं. एकत्र बसायचं म्हटल्यावर दादाचा चेहरा उतरला.

“त्याच्यासमोर नाही बसणार मी. तो फडाफडा बोलणार आणि मी तोंड उघडून बघत राहणार. आणि त्याला यातलं काही सांगायचं नाही, ताई. त्याने भांडलेलं चालेल मला. कीव केलेली नाही चालणार. शब्द दे.”

ताईने शब्द दिला. देताना आपण तो पाळणार नाही हे तिला कळत होतं. पुस्तक बंद पडलं तर वाईट वाटेल, फार वाईट वाटेल, पण त्याहून मोठं भय तिला वेगळंच होतं. भाऊ उद्या नाहीतर परवा समेट करतील, एवढं अडेलतट्टू कोणी नसतं. पण तोवर दादाजवळ बोलायला शब्दच उरले नाहीत, तर समेट करून दोघं करणार काय?

धाकट्याच्या वर्कशॉपमध्ये ती पोचली तेव्हा तो एका जुन्या पंपाचा सांगाडा उघडून बसला होता. तेलाचा वास, लोखंडाचा कीस आणि फळीवर ओळीने मांडलेले पाने. ताईला बघून त्याने स्टूल फडक्याने पुसलं.

“काय म्हणतायत प्रोफेसर?”

“एकच शब्द ठरवायचाय. तुम्ही दोघांनी, समोरासमोर.”

“मग ठरलाच की. खेळ. त्याला सांग, जगातल्या कुठल्याही मेकॅनिकला विचार. बेअरिंगला खेळ आलाय म्हटलं की शेंबडं पोरही समजतं. अंतर काय, अंतर? दोन गावांमध्ये असतं ते.”

“दादाचे शब्द चाललेत,” ताई म्हणाली.

“कुठे चाललेत?”

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, शाफ्ट शब्दाचं, डॉक्टरांचं, आणि तिने दिलेल्या वचनाचंही. धाकट्याने हातातला पाना खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

“मला कोणी काही बोललं नाही,” तो म्हणाला.

“तू बोलत होतास का कोणाशी?”

धाकट्याने फडकं उचलून हात पुसले. मग एकदम म्हणाला, “माझ्या भागातले सगळे खेळ काढून टाक. सगळीकडे अंतर घाल. विषय संपला.”

“हे मला नको सांगूस. पिशवीतून न्यायचा निरोप नाही हा.”

दुसऱ्या दिवशी धाकटा धुतलेला शर्ट घालून दादाच्या दारात उभा राहिला. नखांत तेल होतंच, ते काही जात नाही. वहिनीने त्याला आत घेतलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत राहिली. दादाने त्याच्याकडे बघितलं, मग ताईकडे बघितलं. ताईने नजर खाली घातली. त्यातच त्याला काय ते कळलं.

“बस,” दादा म्हणाला.

“दादा, मी म्हणतो, अंतरच ठेवू. तुझा भाग आधी येतो, तुझं बरोबर आहे.”

“माझं बरोबर आहे असं तू जन्मात कधी म्हणाला नाहीस.”

“आता म्हणतोय ना.”

“आता का म्हणतोयस ते माहीत आहे मला.” दादाचा आवाज चढला. “मी आजारी म्हणून यंत्रशास्त्र बदलत नाही. पटत नसेल तर भांड. नाहीतर ऊठ.”

हा आता उठणार आणि सगळं मुसळ केरात जाणार, असं ताईला वाटलं. पण धाकटा उठला नाही. त्याने खिशातून दोन पितळी बुश काढून टेबलावर ठेवले आणि त्यांच्याबरोबरचे दोन छोटे शाफ्टही. बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी. एक जोडी नवीकोरी होती, दुसरी त्या पंपातून काढलेली, झिजून गेलेली.

“बरं, भांडतो,” तो म्हणाला. “हे बघ आणि सांग मला, हा खेळ नाही तर काय आहे?” त्याने झिजलेल्या बुशातला शाफ्ट हलवला. तो खडखडला.

दादाने ती जोडी हातात घेतली. त्याने शाफ्ट डावीकडे रेटला, उजवीकडे रेटला, आणि कितीतरी वेळ त्या खडखडीकडे कान दिला. मग मान डोलावली. “हा खेळ. बरोबर.”

धाकटा बघतच राहिला. हे ऐकायला त्याने किती वर्षं घालवली होती, आणि आता ऐकून त्याला अजिबात आनंद झाला नाही.

दादाने नवी जोडी उचलली. तिच्यातला शाफ्ट त्याने बोटाने फिरवला. तो आवाज न करता फिरला आणि मग आपसूक थांबला. “आता हे. हे बघ. हे आपण... मुद्दाम. बनवतानाच. फिरावं म्हणून.” त्याने दोन्ही जोड्या शेजारी शेजारी ठेवल्या. “हे आपण देतो. आणि ते... वापरून वापरून येतं. ही एक गोष्टच नाही. दोन आहेत.”

स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

“दोन आहेत,” धाकटा सावकाश म्हणाला. “दिलेलं वेगळं आणि आलेलं वेगळं. दादा, अरे, आपण दोन वेगळ्या गोष्टींवरून भांडत होतो.”

“त्या मुलाला मी भोपळा दिला,” दादा म्हणाला.

“आणि मी त्याचं बरोबर का आहे हे न कळताच तुझ्याशी भांडलो.”

यावर ताईला हसू फुटलं, मग दादाला, आणि शेवटी धाकट्याला. धाकट्याचं हसणं थांबेना, आणि ते हसणंच आहे की दुसरं काही, हे त्यालाही कळेना. त्याने तेलकट नखांच्या हातांनी तोंड पुसलं.

ताईने कोरा कागद ओढला. दोन शब्द राहणार असतील तर पुस्तकात तसं लिहायला हवं होतं, पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मध्ये एक परिच्छेद, दोघांच्या नावाने. असा परिच्छेद त्या पुस्तकात आजवर एकही नव्हता. “सांगा,” ती म्हणाली. “मी लिहिते.”

“नवे यंत्र बनवताना,” दादाने सुरुवात केली. तो वर्गात सांगायचा तसा सांगत होता, एकेक शब्द सुटा करून. “शाफ्ट आणि भोक यांच्यात मुद्दाम जी जागा ठेवतात, तिला...”

तो थांबला. ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्याने पुस्तकांच्या भिंतीकडे बघितलं, जणू तिथल्या एखाद्या पुस्तकाच्या पाठीवर तो लिहिलेला असेल. शब्द धाकट्याच्या जिभेवर होता. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची त्याला जन्मात सवय नव्हती. पण आज तो दात आवळून बसून राहिला. ताईने पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

“नाही येत,” शेवटी दादा म्हणाला. “तू सांग.”

“अंतर,” धाकटा म्हणाला.

“अंतर.” दादाने तो शब्द दोनदा तोंडात घोळवून बघितला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, चांगलं गणित समोर आल्यावर पसरायचं तसं. “छान शब्द आहे. चपखल. कोणाचा?”

ताईने मान वर केली नाही.

“तुझा, दादा,” धाकटा म्हणाला.

“माझा?” दादाने त्याच्याकडे नवलाने बघितलं. बोलणं का तुटलं, किती दिवस तुटलं, हे त्याला पक्कं आठवत होतं. “एवढा चांगला होता, तर मग तू भांडत कशाला होतास?”

धाकट्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यालाही शब्द सापडेना.